टोपीतला मुलगा आणि शेजारची मुलगी

भाऊ गेला त्याला आज आठ दिवस झाले. सकाळी भाचा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "आत्या, बाबांचा तो शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो मोठा करायला टाकलाय. तेराव्याला मिळेल."

मी मान हलवली. तो जरा घुटमळला.

"त्यात बाजूला तू उभी आहेस ना, तेवढं कापायला सांगितलंय. टोपीवाला मुलगा एकटाच ठेवायचा. तुझ्या गालावर कसला तरी डागही पडलाय, तोही मग जाईल. राग नाही ना यायचा?"

राग आला. पण त्याला वाटलं त्या कारणासाठी नव्हे.

त्या फोटोत रूमी टोपी घालून, मांडीवर पाटी धरून खुर्चीवर बसलेला मुलगा म्हणजे मी. आणि शेजारी वेणी घालून, तोंड वाकडं करून उभी असलेली मुलगी म्हणजे त्याचे बाबा. भाच्याने दुकानदाराला सांगून ठेवलं आहे की बापाला कापून टाका आणि आत्या तेवढी मोठी करा.

हे त्याला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण भावाने मला शपथ घातली होती, आणि ती न सोडताच तो गेला. त्यातून मला बोलून सांगणं कधी जमलं नाही. शाळेत तीस वर्षं शिकवलं तेही पुस्तकात डोळे ठेवून. म्हणून हे आधी लिहून काढते आहे.

आमचं गाव मंठाळ. वडील तिथले पटवारी. आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू. निजामाचं राज्य होतं. दप्तर उर्दूत, घर मराठीत, बाजार बराचसा कानडीत चालायचा, आणि रागावताना अप्पांना तिन्ही भाषा पुरत नसत.

भावाच्या आधी आईचे दोन मुलगे गेले होते. म्हणून हा जन्मला तेव्हा डोंगरावरच्या देवीला नवस बोलला गेला. सात वर्षं पुरी होईपर्यंत केसांना कात्री लावायची नाही, नाकात मोरणी घालायची, मुलीसारखं वाढवायचं. म्हणजे जी नजर मुलगे शोधत येते तिची फसगत होईल. सात भरले की देवीच्या जत्रेत केस द्यायचे. पण शाळेत घालायचं वय सहाव्या वर्षीच झालं. देवीने सरकारी शाळेला विचारलं नव्हतं आणि शाळेने देवीला.

मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. त्या उन्हाळ्यात मला मुदतीचा ताप आला आणि केस मूठमूठ गळू लागले. तेव्हा काकूने न्हावी बोलावून उरलेलेही काढून टाकले. शाळा उघडायच्या सुमाराला माझ्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढे केस उभे होते. अशा रीतीने आमच्या घरातला मुलगा वेणी आणि मोरणी घालून हिंडत होता, आणि मुलगी नुकती मुंज झालेल्या बटूसारखी दिसत होती. गावात याचं कुणाला काही वाटत नव्हतं. सगळ्यांना कारणं ठाऊक होती. परक्या माणसाला ती ठाऊक नसणार, हे मात्र आमच्यातल्या एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही.

आई त्या वर्षी घरी नव्हती. छातीच्या दुखण्यासाठी तिला लांबच्या मिशनच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मुलांना तिथे नेत नसत. तिने अप्पांकडे एकच गोष्ट मागितली होती. लेकरू ज्या दिवशी शाळेला जाईल त्या दिवशीचा त्याचा फोटो पाठवा. दोन गेले, हा पाटी घेऊन शाळेपर्यंत पोचला, एवढं मला डोळ्यांनी बघू द्या.

योग असा की शाळा उघडायच्या दिवशीच सगळ्या शाळेचा फोटो काढायला गुलबर्ग्याहून एक फोटोवाला येणार होता. तेव्हा फोटो काचेवर निघायचा, आणि अशा काचा तो मोजक्याच घेऊन फिरायचा. अप्पांनी हेडमास्तरांकरवी त्यातली एक काच आमच्यासाठी राखून ठेवायला लावली. आईला उत्तरही लिहिलं की फोटो येतो आहे.

मग आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

अप्पांनी कल्याणीहून कुणाकडून तरी लहान मुलाचा बंद गळ्याचा काळा कोट आणि काळ्या गोंड्याची तांबडी रूमी टोपी मागून आणली. कोट भावाच्या गुडघ्यापर्यंत आला. ते चाललं असतं. टोपी मात्र वेणीवर बसेना. वेणी डोक्यावर गुंडाळली की टोपी वर तरंगायची, घागरीवर पेला उपडा घातल्यासारखी. मागे सोडली तर शाळेत पोरं ओढतील म्हणून हा रडायचा. काकू म्हणजे अप्पांच्या थोरल्या भावाची विधवा. ती आतल्या दाराआडून देखरेख करायची.

"वेणीला हात लावू नका हां. नवसाची हाय."

"वेणी राहू द्या की वैनी. टोपी जरा खाली यायला पाहिजे का नको?"

"मग मोठी आणायची. देवीनं काय टोपीचं माप घेऊन नवस ऐकला व्हय?"

"आन् ती मोरणी?"

"मोरणीचं नावबी काढू नका."

अप्पा टोपी खुंटीला अडकवून बाहेर निघून जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एवढ्यावर भागलं असतं. पण काकू एका दुपारी शेवया वळता वळता शेजारणीला म्हणाली की ती फोटोची पेटी माणसाचं आयुष्य वढून घेते. भाऊ तिथेच परातीजवळ बसला होता. झालं. त्या दिवसापासून त्याने माझं डोकं खाल्लं.

"अक्का, वढून घेतेत म्हणजे कुठून? नाकातून?"

"काही घेत न्हाईत."

"मग काकू कामून म्हणली?"

"काकूला विचार."

"काकू म्हणली अक्काला विचार."

शाळेच्या दिवशी पहाटेच शिपाई आला. साहेबांचा दौरा अचानक जवळच्या गावी येऊन थांबला होता आणि पटवाऱ्याने दप्तर घेऊन ताबडतोब हजर व्हायचं होतं. अप्पा तट्टावर बसता बसता मला सूचना देत राहिले. खुर्चीवर बसव. मांडीवर पाटी दे. वेणी मागं टाक. तू बाजूला उभी राहा आणि त्याला हलू देऊ नको. थोडं पुढे जाऊन ते पुन्हा वळून आले.

"आन् चेहरा. आईला चेहरा दिसला पाहिजे."

काकू शुभकार्याला निघताना समोर यायची नाही, आणि परक्या फोटोवाल्यासमोर जाण्याचा तर प्रश्नच नव्हता. म्हणजे सगळा कारभार आठ वर्षांच्या माझ्यावर आला. आजारातून उठून मला महिनाही झाला नव्हता.

भटजींनी ताटातल्या तांदळावर भावाचं बोट धरून ओनामा गिरवून घेतला. काकूने शाळेतल्या पोरांना वाटायला चिरमुऱ्यांची टोपली आणि गुळाचे खडे दिले. आम्ही निघालो. मारुतीच्या पारापर्यंत त्याने टोपी तीनदा काढून फेकली. तिसऱ्या वेळी ती चिखलात पडता पडता वाचली. कोट बोचतो म्हणून गळ्याची गुंडी सोडली. गुळाचा खडा खाऊन हात कोटाला पुसला. माझ्या एका हातात टोपली, एका हातात पाटी, आणि तिसरा हात देवाने दिला नव्हता. शेवटी कोट काढून मीच अंगात घातला, टोपीही माझ्याच डोक्यावर ठेवली, आणि गुडघ्यापर्यंतच्या ढगळ सदऱ्यात, पाठीवर वेणी उडवत चाललेल्या त्या ध्यानाला दंडाला धरून शाळेत नेलं.

टोपी मला नीट बसली. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

शाळेच्या ओसरीवर पांढरी चादर टांगून पुढे हेडमास्तरांची खुर्ची ठेवली होती. शाळेचा फोटो काढून झाला होता. फोटोवाला पांढऱ्या दाढीचा, मऊ बोलणारा म्हातारा होता. तीन पायांच्या घोड्यावर त्याची पेटी आणि वर काळं कापड. "जल्दी बच्चो, धूप चढ री," तो म्हणाला.

मी कोट काढायला लागले तेवढ्यात भावाने ओसरीच्या खांबाला मिठी मारली.

"मी न्हाई बसणार. वढून घेतेत."

"अरे, आईला पाठवायचाय ना फोटो?"

"तूच पाठव तुझा."

"चिरमुरे देते सगळे."

"चिरमुरे माझेच हायेत."

मी त्याची बोटं एकेक करून खांबावरून सोडवली. दुसऱ्या हाताची सोडवेपर्यंत पहिला हात पुन्हा खांबाला. ओळीत उभी असलेली पोरं हसायला लागली. एकजण ओरडला, "ए वेणी, कुंकू लाव की!" हेडमास्तर छडी घेऊन त्यांच्या मागे धावले, आणि तेवढीच काय ती त्यांची आम्हाला मदत झाली.

शेवटी भावाने तह सांगितला. "तू बस आधी. तुझं काही घेतलं न्हाई तर मी बसतो."

इतक्या स्वस्तात सुटत असेल तर बसावं, असं मला वाटलं. खरं लिहायचं तर त्या खुर्चीवर बसायची मला हौसही होती. गावात मुलींची शाळा नव्हती. अप्पांनी संध्याकाळी दिव्याजवळ बसवून मला बाराखडी शिकवली होती. पण शाळेतली खुर्ची, पाटी आणि टोपी ही वेगळीच गोष्ट होती. मी बसले. पाटी मांडीवर उभी धरली, तिच्यामागे परकर झाकला गेला. पाठ ताठ केली आणि पेटीच्या गोल डोळ्याकडे पाहिलं. माझ्या नाकातून काय निघतं ते बघायला भाऊ खांब सोडून खुर्चीच्या दांडीपाशी येऊन उभा राहिला.

फोटोवाला काळ्या कापडात शिरला होता. आतून आवाज आला, "वा मियाँ! क्या शरीफ बच्चा है. ऐसाच बैठो. बेटी, तू जरा अंदर सरक. कुर्सी कू पकड. बेटी, हिल नक्को."

भावाने मान वळवली, तोंड उघडलं. "मी बेटी न्हाई..."

म्हाताऱ्याने डोळ्यावरचं झाकण काढलं होतं. त्याने तीन अंक मोजले, झाकण लावलं. "बस. हो गया."

मी खुर्चीवरून उडी मारून त्याच्याकडे धावले. म्हटलं, मुलगा मी नाही, तो आहे, फोटो त्याचा पाहिजे. त्याने भावाची मोरणी पाहिली, वेणी पाहिली. मग माझी टोपी पाहिली आणि बोट नाचवून हसला. "मस्करी नक्को मियाँ. काच खतम." त्याला खरंच वाटलं की ही द्वाड पोरं एकमेकांची सोंगं घेताहेत. बरोबरच होतं त्याचं. नजरेला फसवायला सहा वर्षं खपून केलेली सगळी व्यवस्था त्याच्यावर पहिल्याच झटक्यात लागू पडली होती.

भाऊ माझा कोट ओढत होता. "अक्का, तुझं काय घेतलं?"

"काही न्हाई."

"दुखलं?"

"न्हाई म्हणते ना."

"मग मी बसतो आता."

आणि बसला. स्वतः होऊन कोट मागून घेतला, गळ्याची गुंडी लावली, वेणी आपल्या हाताने मागे टाकली, टोपी दोन्ही हातांनी दाबून घेतली. पाटी मांडीवर. हूं नाही की चूं नाही. डोळे समोर. अप्पांनी सांगितलं होतं अगदी तसा, आईला हवा होता अगदी तसा. फोटोवाला घोड्याचे पाय मिटून दोरीने बांधत होता.

तो चेहरा मला आजही जसाच्या तसा दिसतो, आणि आजही त्याला दोन थापडा द्याव्याशा वाटतात.

फोटो तीन आठवड्यांनी आला. अप्पांनी पाकीट उघडलं, फोटो पाहिला आणि मला हाक मारली.

"मी तुला जाताना काय सांगितलं होतं?"

"चेहरा दिसला पाहिजे."

"दिसायलाय की. तुझा."

त्यानंतर ते बोलले त्यातलं कानडी मला कळलं नाही, आणि कळलं नाही तेच बरं. भावाचा चेहरा हलला होता. नाक एकाच्या जागी दीड दिसत होतं, तोंड वाकडं, वेणी मात्र स्वच्छ. दुसरी काच नाही, दुसरा पहिला दिवस नाही, आणि तिकडे आई वाट पाहते आहे. अप्पांनी काकूला विचारलं, बरोबर पत्रात खुलासा लिहू का? आठ दिवस प्रत्येक गोष्टीत मोडता घालणारी काकू दाराआडून म्हणाली, "आईला खुलासा कशाला लागतोय? पाठवा तसाच."

आई दिवाळीनंतर बरी होऊन घरी आली. फोटो तिने लुगड्याच्या घडीत ठेवून आणला होता. आम्ही पाहिला तर वेणीवाल्या मुलाच्या गालावर मोहरीएवढा काळा ठिपका. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून काजळ मागून तिने फोटोला तीट लावली होती.

"फोटोतबी लेकराला नजर लागती की," ती म्हणाली. अप्पा चुकीबद्दल काही सांगू लागले तर तिने त्यांना थांबवलं. "टोपी कुणाच्या का डोक्यावर असंना. माझं लेकरू मला कळतंय." मग माझ्या डोक्यावरच्या वाढत्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "तू मात्र जराबी हलली न्हाईस गं."

पुढच्या वर्षी जत्रेत भावाची वेणी देवीला गेली. तो गुलबर्ग्याला हायस्कुलात जाईपर्यंत मोरणीचं भोकही बुजून गेलं. एका सुट्टीत त्याचे वर्गमित्र घरी आले, त्यांनी भिंतीवरचा फोटो पाहिला. "हा कोण?" भाऊ म्हणाला, "मी." मी पाणी घेऊन दारात उभी होते. थोड्या वेळाने तो स्वयंपाकघरात आला.

"अक्का, कुणाला सांगितलंस तर मी मेलो म्हणून समज. माझी शपथ."

तेरा वर्षांच्या मुलाला वेणीची लाज वाटावी हे मी समजू शकते. पण हा चाळीस वर्षांचा झाला, साठ वर्षांचा झाला, तरी तेच. त्याच्या लग्नात मी म्हटलं, आता तरी शपथ सोड. म्हणाला, राहू दे गं. उलट त्याने गोष्ट वाढवत नेली. बायकोला, मग मुलांना, मग नातवंडांना सांगायचा की फोटोवाला मला शरीफ बच्चा म्हणाला, मी असा बसलो की पापणी हलवली नाही. म्हाताऱ्याने ते मला म्हटलं होतं! समोर बसून मी भाजी निवडत असायचे. तो माझ्याकडे पाहायचा आणि डोळे मिचकवायचा. ज्या नातवाला शाळेत घालायचं असेल त्याला त्या फोटोपुढे उभं करायचा. "असं ताठ बसायचं, काय?" आणि भाच्याला बजावून ठेवलं होतं की मी गेल्यावर हाच लावा. आपल्या हाताने आपल्यालाच कापून ठेवलं त्याने. मरतानाही माणसाने इतका घोळ घालू नये.

इथपर्यंत चार दिवसांत लिहिलं. काल दुपारी वही मिटली. मी सांगितलं तर तो मरेल अशी शपथ होती. मी साठ वर्षं तोंड उघडलं नाही, तरी तो मेलाच. आता ती शपथ पाळून कुणाला वाचवायचं आहे? मी भाच्याला बोलावलं आणि न अडखळता सगळं सांगितलं.

त्याचा विश्वास बसला नाही. "आत्या, दमली आहेस तू. बाबा नेहमी सांगायचे..."

"बाबा नेहमी खोटं सांगायचे. दुकानातून फोटो आण."

त्याने आणला. दुकानदाराने पेन्सिलीने कापायची रेघ मारून ठेवली होती, कात्री अजून लावली नव्हती. मी काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा डाग नाही. तुझ्या आजीने लावलेली तीट आहे. आता तूच सांग, मुलगा शाळेत गेला म्हणून फोटो मागवणारी बाई तीट कुणाला लावेल?"

तो फोटो घेऊन खिडकीपाशी गेला. माझ्याकडे पाठ करून त्याने तो उजेडात धरला. मग त्याचे खांदे हलले. रडतो आहे असं वाटून मी उठले, तर हसत होता. मग दोन्ही झालं.

"मग पूर्णच ठेवू या," तो डोळे पुसत म्हणाला. "दोघं असू दे."

"आणि हार कसा घालशील? मी जिवंत आहे अजून."

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या आधीच्या हुकमाप्रमाणे झालं असतं तर तेराव्याला सगळ्या नातेवाइकांनी माझ्या फोटोला हार घालून मलाच नमस्कार केले असते, आणि मी कोपऱ्यात बसून ते पाहिले असते. मी पेन्सिल घेतली. दुकानदाराची रेघ खोडली आणि खुर्चीच्या दांडीच्या आतल्या बाजूने नवी रेघ मारली.

"टोपीवाला काप. ठिपका पुसू नको म्हणावं."

आज तेरावा. फोटो समोरच्या पाटावर आहे. दुकानदाराने निरोप पाठवला होता की चेहरा काही साफ येत नाही, नाक दोन दिसतात, आमचा दोष नाही. वेणी आहे, मोरणी आहे, गालावर तीट आहे, तोंड अर्धं उघडं आहे. खुर्चीची दांडी धरलेला त्याचा हात आला आहे, आणि रेघ मी जरा घाईत मारली म्हणून त्या हाताशेजारी माझ्या कोटाची बाहीही थोडी राहिली आहे. भाच्याची सून हार घालताना दोनदा चुकली, मग तिने फोटो जरा सरळ केला. तरी तो हललेलाच दिसतो.